कळपाच्या शेपटाला

मसलशेल नदीकाठ, मोंटाना
६ मार्च १९०९

चि. क्लेमेंट यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि तू समोर नाहीस म्हणून राखून ठेवलेली एक टपली.

तुझं नाताळचं पत्र आत्ता पोचलं. घोड्यानं पाडलं नाही, तूच घाईनं उतरलास, हे वाचून आई पोटभर हसली. हसताना कंबर दुखली म्हणून मग तुलाच बोलली. हो, कंबर. जानेवारीत विहिरीपाशी बर्फावरून तिचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. आता काठी टेकत बिछान्यापासून चुलीपर्यंत येते. तुला कळवू देत नव्हती. आज डोळा लागलाय म्हणून लिहितेय.

खालच्या कुरणाला नव्या शेतकऱ्यांनी काटेरी तार घातली. आपली म्हातारी गुरं रोज तिथवर जातात, तारेला नाक लावून उभी राहतात आणि परत फिरतात. बाबा गेले ते बरंच झालं, असं आई म्हणते. मला ते ऐकवत नाही.

आता खरी बातमी. डोंगराच्या पायथ्याशी रेल्वेचं मोठं हॉटेल उभं राहतंय. त्यांचे लिंडक्विस्ट म्हणून गृहस्थ आपल्याकडे घोडे बघायला आले होते. तबेल्यात त्यांना माझं चित्र दिसलं. गाडीवरच्या जुन्या कापडावर टेक्सासहून येणारा कळप रंगवलाय ते. घोडे राहिले बाजूलाच. हॉटेलच्या जेवणघराची अख्खी भिंत अशी रंगवाल का, असं विचारून गेले. मेमध्ये सुरुवात, थंडीच्या आत शेवट.

क्लेम, तबेल्याला लावून उरलेल्या रंगात जवसाचं तेल घालून मी आजवर चित्रं काढली. मला ही भिंत हवी आहे. पण आईजवळ कोणीतरी हवं. मेच्या आत घरी ये.

माया जिथून करतोस तिथून कर, पण जमलं तर इथे येऊन कर.
तुझी ताई,
आयडेला


मिल्क नदीवरचा तळ
११ एप्रिल १९०९

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. खोगिरावर बसून करतोय, तेव्हा वाकलो असं समजून घे.

आईचं वाचलं. तरी येतो असं लिहवत नाही, रागावू नकोस.

आमचे मालक यंदा सगळी गुरं विकून मोकळे होतायत. परवा एका तारेच्या कडेकडेनं फाटक शोधत अर्धा दिवस घोडा चालवला. फाटक सापडलं, तर पलीकडे मेंढ्या. लहानपणी बाबा आपल्याला याच माळावर रानरेड्यांची हाडं दाखवायचे. आता तीही वेचून नेलीत. गुराख्याला इथे उरलंय काय? तारा ताणायच्या आणि तुटल्या की जोडायच्या.

माझा जोडीदार रुफिनो म्हणतो, अर्जेंटिनात अजून डोळा पोचेल तिथवर गवत आहे आणि तिकडच्या गुराख्यांना चांगला घोडेस्वार लगेच ओळखू येतो. आम्ही जूनमध्ये न्यूयॉर्कहून जहाज पकडतोय. मी घरी येऊन काय करू? चुलीपुढे बसलो की माझे पाय आपोआप हलायला लागतात. पायाला भिंगरी आहे असं आईच म्हणायची ना?

शेजारच्या ओसेनबाईंना विचार. नॉर्वेची माणसं आजाऱ्याचं चांगलं करतात.

राग कर, पण लिहिणं सोडू नकोस.
क्लेम


मसलशेल नदीकाठ
२ मे १९०९

चि. क्लेमेंट यास,
आशीर्वाद. टपली आता दुप्पट झाली.

तुझं पत्र वाचून मी लिंडक्विस्टना नकार लिहिला आणि पाकीट टेबलावर ठेवलं. दूध काढून आत आले, तर पाकीट नाही. आई चुलीशी उभी. माझ्या तोंडावर सांगितलं, चुलीत टाकलं म्हणून. मी चिडले, रडले, नाही नाही ते बोलले. ती सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, “पांगळी मी झालेय. तू नाहीस.”

तेव्हा मी पुढल्या आठवड्यात निघतेय. ओसेनबाई सकाळी येऊन स्वयंपाक करतील. संध्याकाळी चूल कोण पेटवेल, हे मला माहीत नाही. तुला आता विचारणार नाही. तू अर्जेंटिनाला सुखानं जा. पोचल्याचं मात्र आईला कळव, मला नाही कळवलंस तरी चालेल.

आयडेला


मसलशेल नदीकाठ
६ जून १९०९

ती. ताईस,
नमस्कार. वरचं गाव पुन्हा वाच. चुकून लिहिलेलं नाही.

रुफिनो आणि मी पूर्वेच्या गाडीत बसलो होतो. जंक्शनला गाडी थांबली. मी पाय मोकळे करायला उतरलो, खोगीर खांद्यावर घेऊनच. तो खिडकीतून पाहत राहिला, पण त्यानं हाक मारली नाही. गाडी गेली. मी का उतरलो, ते अजून नीट सांगता येत नाही.

आईनं स्वागत केलं ते बूट पुसलेस का, असं विचारून. दुसऱ्या दिवशी म्हणाली, अंगणात येरझाऱ्या घालायच्या तर निदान हातात बादली तरी घे.

पण ताई, संध्याकाळी ती बोलते. आपल्याला काय सांगितलं होतं? बाबा कळपाबरोबर आले आणि आई मागाहून आगगाडीनं आली. खोटं आहे. ती कळपाबरोबरच आली. बाबांची जास्तीची विजार घातली, केस कापले आणि मुकादमाला नवा पोऱ्या म्हणून नाव सांगितलं. स्वयंपाक्याला तेवढं ठाऊक होतं. नवखी म्हणून तिला कळपाच्या शेपटाला ठेवलं होतं. सगळ्या कळपाची धूळ तिच्या तोंडावर, टेक्सासपासून इथपर्यंत. मी विचारलं, कधी सांगितलं का नाहीस? म्हणते, तुमच्या बाबांना लोकांत अवघड वाटायचं. मग सांगायचं राहूनच गेलं.

तिकडची हकिकत लिही. आई दोनदा वाचून घेते.
क्लेम


रेल्वेचं हॉटेल, डोंगरपायथा
२० जुलै १९०९

चि. क्लेम आणि ती. आईस,
एकाला आशीर्वाद, दुसरीला साष्टांग. टपली माफ.

क्लेमचं पत्र मी परांचीवर बसून वाचलं आणि उतरायचंच विसरले. भिंत निम्मी झालीय. व्यवस्थापकांना चित्रात गोळीबार हवा. पाहुण्यांना जेवताना तेच आवडतं म्हणे. मी सांगितलं, तहानेली गुरं हाकणाऱ्याला बंदूक काढायला सवड नसते. ते रुसलेत.

आई, शेपटाकडचा एक स्वार मी पुसून टाकला आणि तिथे तुला घेतलंय. टोपी कशी होती? तोंडाला रुमाल बांधायचीस का? घोडा कोणत्या रंगाचा? क्लेम, तिला झोपू देऊ नकोस, विचारून लिही.

रात्री इथून डोंगर काळे दिसतात आणि मला घरचं माळरान आठवतं. हात मात्र थांबत नाही. हे असं सुख चांगलं की वाईट, कळत नाही.

आठवण काढा, बोलवू नका.
आयडेला


मसलशेल नदीकाठ
२९ ऑगस्ट १९०९

ती. ताईस,
नमस्कार. घोडा पिवळा होता, शेपटी काळी. रुमाल होता. बाकीचं आई सांगेल, कारण मामला वेगळाच झालाय.

तिला धाप लागते म्हणून डॉक्टर आणला. हृदय थकलंय, ही थंडी निघणं कठीण, असं तो मला दाराबाहेर म्हणाला. आत आईला सगळं ऐकू गेलं होतं. भिंत पुरी होईपर्यंत तुला कळवायचं नाही, अशी तिनं मला ताकीद दिली. मी आयुष्यात तिचं कधी ऐकलं नाही, आताच सुरुवात कशाला करू? ये, असं लिहायलाच बसलो होतो.

तिनं ते पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, “ती कशाला येते? मी जाते.”

तेव्हा शनिवारी निघतोय. गुरं ओसेनांकडे सोपवतोय. स्टेशनवर खुर्ची घेऊन ये.
क्लेम


समुद्रकाठ, वॉशिंग्टन राज्य
२४ सप्टेंबर १९०९

ती. ताईस,
नमस्कार, आणि मोठी क्षमा.

भिंत पाहून झाल्यावर स्टेशनवर तू आम्हाला घरच्या गाडीसाठी सोडून कामाला परत गेलीस. तुझी पाठ वळताच आईनं विचारलं, ती पलीकडची गाडी कुठे जाते? म्हटलं, पश्चिमेला, समुद्राकडे. म्हणाली, मग त्या घरच्या गाडीत बसून मी काय करू, घर तर पाहिलेलं आहे. डॉक्टरच्या बोलण्याची आठवण करून दिली, तर म्हणाली, म्हणूनच.

भिंतीपुढे ती दुपारभर गप्प बसली, तुला वाईट वाटलं ते मी पाहिलं. पण गाडीत ती थांबेना. धुळीचा रंग बरोबर आहे, टेक्सासकडे तांबडा आणि इकडे राखी. पिवळ्या घोड्याचा कानही बरोबर. एकच चूक आहे म्हणाली. तू तिचं तोंड दमलेलं काढलंयस. तुला सांगू नको म्हणाली, तेव्हा अर्थातच सांगतोय. तिचे शब्द असे: “मी दमले नव्हते. रुमालाखाली हसत होते. इतकी मोकळी मी पुन्हा कधीच नव्हते.” रुमालाखालचं हसू कसं काढतात मला ठाऊक नाही. डोळ्यांत येत असेल. परांची अजून उभी असेल तर चढ.

मी लाकडाच्या वखारीत काम धरलंय. दुरून जहाजं जातात, ती बघतो. अजून तरी नुसती बघतो. आईची धाप इथे कमी झालेली नाही, वाढली आहे. तुझ्यापासून लपवत नाही.

काल तिला हाताला धरून वाळूवर नेलं. बराच वेळ काठीवर भार देऊन पाहत राहिली. मग विचारलं, पुढे काय आहे? म्हटलं, पुढे काही नाही, आई. नुसतं पाणी.

तिनं काठी माझ्या हातात दिली. म्हणाली, “मग इथे बसायला हरकत नाही.”

भिंत पुरी कर आणि ये. आम्ही इथेच आहोत.
क्लेम