खातं उघडंच राहील

मंगळवार, ९ तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून करायचा तर माझी पाठ धरलीय, तेव्हा खुर्चीत बसूनच केला असं समज. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय आणि तू गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस, हे मला कळलंय. कुणाकडून, ते विचारू नकोस. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ परत गळायला लागलाय आणि प्लंबर रोज "उद्या नक्की" म्हणतो.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मागच्या फोनवर मी "अगं ताई, पण" एवढंच चार वेळा म्हटलं, मोजून. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतो, पण निदान वाचून मग फाड.

तर मुद्द्याचं. तू त्या फोनवर म्हणालीस, ते व्हिडिओचं खातं बंद कर, म्हणजे फक्त ओळखीच्यांनाच दिसेल असं कर. तू मोठी, म्हणून मी ऐकलं. त्याच संध्याकाळी सेटिंगमध्ये जाऊन खातं खाजगी केलं आणि नऊ दिवस तसंच ठेवलं. काल ते परत सगळ्यांसाठी उघडं केलंय, आणि आता ते उघडंच राहणार आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

रागावलीस ना? रागाव. पण पुढे वाच.

माझ्या खात्यावर काय असतं ते तुला ठाऊक आहे. माझ्या सकाळी अकराच्या पोहण्याच्या वर्गातल्या बायका, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. कुणी कठडा घट्ट धरून पाण्यात फुगे काढतेय, कुणी पहिल्यांदाच पाठीवर तरंगून लहान मुलीसारखी किंचाळतेय. पहिल्या दिवशी मी कुणालाच पाण्यात उतरवत नाही. पायरीवर बसवते, पाय बुडवायला सांगते आणि नुसतं बोलायला लावते. घाबरलेलं माणूस श्वास कोंडून धरतं, आणि बोलताना श्वास कोंडता येत नाही. या तलावाच्या तिकीट खिडकीत अठरा वर्षं बसून, काचेतून बघून बघून मला हे कळलं. एक्केचाळिसाव्या वर्षी मी स्वतः उतरले तेव्हा बरोबरीला सात-आठ वर्षांची पोरं होती. "आजी, पाय हलवा" म्हणायची मेली.

खातं बंद होतं तेव्हा सहाव्या दिवशी एक शिंपीणबाई तलावावर आली. जुने कपडे दुरुस्त करून देते, बोटाला सुईची टोपी तशीच. मला बघून म्हणाली, "आहात होय तुम्ही! तुमचं सगळं दिसायचं बंद झालं, मला वाटलं गेलात."

"अजून नाही," मी म्हटलं. "पण मग विनंती का नाही पाठवलीत? मी लगेच हो म्हटलं असतं."

"फोन नवऱ्याचा. विनंती गेली की त्याचं नाव जाणार. वर्षभर बघतेय मी, तो अंघोळीला गेला की."

वर्षभर, ताई. मला तिचं नाव माहीत नव्हतं, तोंड माहीत नव्हतं. कुणाची परवानगी न मागता तिला काही बघता येत होतं, ते एवढंच. ही एक तडक उठून आली, ती बाई धीट म्हणून. न आलेल्या किती, ते मला कधीच कळणार नाही.

आता दुसरी गंमत. बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी एक विनंती आली. नाव 'टायगर दहा नंबर', फोटो फुटबॉलचा शर्ट घातलेल्या तुझ्या नातवाचा. हा टायगर मला दोन वर्षांपासून माहीत आहे. माझ्या व्हिडिओवर त्याचा अंगठा लागतो, लाल बदाम उमटतो आणि मिनिटभरात घाबरून काढून घेतला जातो. एकदा त्याने "छान. पाठ सांभाळ." असंही लिहिलं होतं. बारा वर्षांचा मुलगा मावशीआजीला पाठ सांभाळायला सांगतो? त्याला विचारलं तर तो हसत सुटला आणि त्याने तुझं सगळं फोडलं, की त्याच्या फोनवरून बघतेस ती तूच. गुडघा, गच्ची, सगळं. बिचाऱ्याला बोलू नकोस.

म्हणजे बंद करायला तूच लावलंस आणि तिसऱ्या दिवशी बाहेर तूच उभी! मी किती हसले म्हणून सांगू. आणि हसून झाल्यावर रडले, तेही सांगते.

तर पोहण्याच्या पोशाखाचं कारण तू मला सांगू नकोस. छप्पन वर्षांच्या बाईच्या मांड्या दिसतात, लोक काय म्हणतील, घराण्याची लाज. दोन वर्षं तुला त्या मांड्या दिसत होत्या आणि तू बदाम देत होतीस. तुला खुपला तो गेल्या महिन्यातला एकच व्हिडिओ. उगाच पोशाखावर ढकलू नकोस.

तो मी ठरवून केला नव्हता. पायरीवर बसलेल्या एकीने विचारलं, "बाई, आम्हाला शिकवायची तुम्हाला एवढी घाई कसली?" कॅमेरा चालूच होता. मी सांगितलं की मी आठ वर्षांची असताना माझी दहा वर्षांची बहीण खाणीतल्या पाण्यात बुडाली. त्याच पाण्यात आमच्या वडिलांनी आमच्या भावाला पोहायला शिकवलं होतं. आम्ही तिघी काठावर बसून त्याचे कपडे सांभाळायचो. आम्हाला शिकवावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि ती गेल्यावर घरात ती तापाने गेली असं ठरलं.

एवढंच बोलले. चिमीचं नाव घेतलं नाही, तुझं घेतलं नाही. पण त्यात खोटं काय होतं? तीन महिन्यांत आपण गाव सोडलं आणि नव्या गावात आई "ताप" म्हणाली. मी नव्या शाळेत तेच सांगितलं, तर बाईंनी विचारलं, कुठला ताप? त्या दिवसापासून अठ्ठेचाळीस वर्षं मी तोंडात मूग गिळून बसले होते. आई होती तोवर ठीक, तिला दुसरं काही सुचलं नसेल. पण आता कुणासाठी? तो व्हिडिओ बघून वर्गात एकवीस बायका नव्या आल्या, आणि त्यातल्या दोघी आपल्या मुलींना घेऊन आल्या. त्या मुली परवा खोल बाजूला सुळकन पोहून गेल्या. मला कुणी त्याबद्दल माफी मागायला सांगितलं, तर मी मागणार नाही. तू सांगितलंस तरी नाही.

आता जे लिहायला बसले होते ते. नळ, पाठ, टायगर, सगळं त्याच्या अलीकडचं होतं.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "लोक विचारणार नाहीत का, मोठी बहीण कुठे होती म्हणून?" आणि मी काही बोलायच्या आत फोन बंद.

ताई, मोठी बहीण पाण्यात होती. कमरेपर्यंत. चिमीचा हात वर दिसत होता आणि तू तिच्याकडे निघाली होतीस. मी मागून तुझ्या फ्रॉकचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि खडकाला पाय अडवून मागे ओढत राहिले. तू वळून ओरडलीस, "सोड!" मी सोडला नाही. पट्टा तुटला तोपर्यंत पाणी शांत झालं होतं.

त्या दिवशी तू आईला सांगितलंस, "माझा पाय पुढे पडला नाही." मी दाराआड उभी राहून ऐकलं आणि गप्प बसले. तुला खरंच तसं वाटत होतं, की मला वाचवायला तू बोललीस, हे मला आजवर कळलेलं नाही. आठ वर्षांची होते तेव्हा मार बसेल म्हणून गप्प होते. पण पुढे मी अठराची झाले, अठ्ठावीसची झाले, पाण्याची भरली बादली दिसली की तू तोंड फिरवायचीस ते बघत राहिले, आणि तरी बोलले नाही. याची मला लाज वाटते. फार वाटते.

पट्टा धरल्याची मात्र वाटत नाही, हेही स्पष्ट लिहिते. आता मी पाण्यातलं माणूस आहे, मला कळतं. तुला पोहता येत नव्हतं. तू तिच्यापर्यंत पोचली असतीस तर तिने तुला घट्ट मिठी मारली असती आणि दोघी गेल्या असत्या. मला पुन्हा आठ वर्षांची करून त्या खडकावर बसवलं, तरी मी पुन्हा धरीन.

हे मी कॅमेऱ्यासमोर बोलले नाही, आणि कधी बोलणार नाही. हे तुझं माझं आहे, म्हणून कागदावर लिहिलं. पण चिमी कशाने गेली ते झाकून ठेवायचं नाही. कुठलं उघडं आणि कुठलं बंद, ते यापुढे मी ठरवणार.

वाचून तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर टाक. मी रोज फोन करणार, तू रोज कापायचास. चालेल मला. शिव्या द्याव्याशा वाटल्या तर त्याही दे, माझ्या वाट्याच्या आहेत. फक्त आजपासून एक वाक्य पुन्हा कधी बोलू नकोस, कुणासमोर नाही, स्वतःशीसुद्धा नाही, की तुझा पाय पुढे पडला नाही. पडला होता. मी साक्षीला होते.

पट्टा तुटेपर्यंत तुला धरून ठेवणारी,
तुझी धाकटी