ताट धुतल्याशिवाय

१ नोव्हेंबर २००३, शनिवार
प्रशांतचं जाण्याआधीचं शेवटचं श.जे. (शनिवारचं जेवण. आता घरात सगळेच असं म्हणतात. सुरुवात माझी.) गोळाभात. आतून सम्यक ओरडला, "आजी, डोकावू नकोस!" डोकावले नव्हते. मी आणि वैशाली बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसारख्या बसून. सून-सासूला एकाच वेळी रिकामं बसवणारा वार हा एकच.

नियम ह्यांचे. शनिवारी आईला स्वयंपाकघर बंद, बाप आणि मुलं रांधणार. आणि ताट खाऊन, धुऊन, पालथं घालेपर्यंत जेवणाबद्दल एक शब्द नाही. चांगला नाही, वाईटही नाही. हा दुसरा नियम खास माझ्यासाठी केला होता. मी कचेरीत फाइलींवर शेरे मारायची ती सवय घरी पानावरही यायची.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. नियम चालू आहेत.

जेवताना प्रशांत म्हणाला, "सहाच महिने गं."
"कंपनीचे सहा की कॅलेंडरचे?"
"आई!"
वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन उठली.

३ नोव्हेंबर, सोमवार
गेला. मुंबईपर्यंत कंपनीची गाडी. सम्यक (पहिलीत आहे) विचारतो, अमेरिकेत शनिवार असतो का. आमू चौथीतली, तिने सांगितलं, असतो, पण उशिरा येतो.

८ नोव्हेंबर, शनिवार
वैशाली म्हणाली, "पिझ्झा मागवूया का आई? तुम्हालाही आराम." दोन्ही पोरांची तोंडं बघितली आणि म्हटलं, गोळाभात होईल.

यावर खटला. आमू: "शनिवारी आई आत जात नाही. तू बाबांची आई आहेस." सम्यक: "पण आमची कुठे आहे?" निकाल माझ्या बाजूने.

आत गेले तेव्हा लक्षात आलं, रोजचा स्वयंपाक मला येतो, हा नाही. ह्यांच्या आईचा, भंडाऱ्याकडचा पदार्थ. लग्नापासून खाल्ला, होताना एकदाही पाहिला नाही. दारापलीकडून फक्त ऐकला. डाळीचं जाडसर पीठ, तेल, तिखट, हिंग, गोळे, भातात सोडायचे. एवढं ऐकून माहीत.

सोडले. विरघळले. पिवळा लगदा झाला, वर फोडणीचं तेल ओतून वाढला. पहिल्या घासाला कळलं, मीठच नाही. बोलता येईना. मीठ मागणं म्हणजेही शेराच. चौघंही मान खाली घालून जेवलो. आमू तर घास मोजल्यासारखी. ताटं धुतली, पालथी घातली.

मग सम्यक: "आजी, मीठ?"
आमू: "मला पहिल्यापासून माहीत होतं."
वैशाली: "मलाही."
"मग कोणी बोललं का नाही?"
तिघं माझ्याकडे बघत राहिले. हसले. किती दिवसांनी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
प्रशांतचा फोन. वैशाली मला खुणावते, विचारा ना गोळ्यांचं. नाही विचारलं. नंतर म्हणाली, "अहो आई, दोन मिनिटांचं काम होतं."
म्हटलं, फोनवर सगळं भागतं असं एकदा ठरलं की माणसाने यायचं कशाला.
तिच्याही मनात तेच आहे. शेजारच्यांचा मुलगा वर्षासाठी गेला होता. आता त्याच्या मुलांना मराठी समजतं, बोलता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मीठ ठीक. गोळे पुन्हा विरघळले. सम्यकने लगद्यात चमच्याने शोध घेतला, एक अर्धा गोळा सापडला, तो आमूच्या ताटात ठेवला. काही बोलला नाही. नियम पाळणारं पोर.

ह्यांच्या पिंपरीच्या कारखान्याला शनिवारी सुटी असे. मी अर्धा दिवस कचेरी करून येई तेव्हा दोन्ही पोरं कपाळापर्यंत पिठाने माखलेली. माझी मुलगी सुनीता पाटावर उभी, प्रशांत ओट्यावरच बसलेला. मी चपला काढेपर्यंत दार लागलेलं. राग यायचा मला. आपल्याच घरात आपण बाहेर. मग हळूहळू त्या अर्ध्या तासात पेपर वाचायला लागले, पाय वर घेऊन. आयुष्यात तेवढाच वाचला, नीट, शेवटच्या पानापर्यंत.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी डाळ उकळत होती. गॅस बारीक केला, खदखद बसली, आणि एकदम ह्यांचा आवाज. दारापलीकडून. "थांब रे. खदखद थांबू दे आधी. आता सोड. सावकाश. बाळाला पाळण्यात ठेवतात तसं." मग झाकण. मग झाकणावर उलथण्याचे दोन ठोके, म्हणजे मी पाणी घ्यायचं.

मी गोळे उकळत्या पाण्यात टाकत होते. भातातलं पाणी आटल्यावर टाकायचे. इतकी वर्षं दर शनिवारी कानावर पडत होतं आणि

वैशाली आली, म्हणाली, "डाळ लागतेय आई." लागली होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार
पीठ घट्ट मळलं. तेल हात न आखडता. पोरांना पाटावर उभं केलं. पाणी आटलं, आवाज बसला. "आता सोडा," म्हटलं. "कसं?" आमूने विचारलं. सांगितलं, बाळाला पाळण्यात ठेवतात तसं. तिने तसं ठेवलं. सम्यकने आधी एक फुंकर घातली, मग ठेवलं. हे त्याचं स्वतःचं.

झाकण. झाकणावर दोन ठोके मी दिले. बाहेरून वैशालीने विचारलं, "काय झालं?" ती खूण ह्यांची नि माझी, तिला कसं माहीत असणार. "पाणी घे," म्हटलं.

सगळे गोळे अखंड. जेवणभर चौघंही गप्प. ताट धुताना माझा हात मुद्दाम सावकाश.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी प्रशांत. स्पीकरवर. त्याला तिथे थांबायला सांगतायत. दोन वर्षं. घरचे आले तरी चालेल, शाळा चांगल्या आहेत, तुझंही बघू आई. एका दमात सगळं बोलून टाकलं. पाठ केलेलं असावं.

वैशालीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

मग विषय बदलून त्याने विचारलं, "काल काय होतं? गोळाभात? कसा झाला?"
सम्यक: "सांगता येत नाही."
"का रे?"
"तू जेवला नाहीस. ताट पण धुतलं नाहीस."
"अरे, मी इथे, मी कसं"
"मग ये," सम्यक म्हणाला.

मग प्रशांत: "आई, तू काहीच बोलत नाहीस. तुला काय वाटतं?"

वाटतं ते पुष्कळ होतं. चांगलंही, वाईटही. म्हटलं, "जेवण संपलेलं नाही अजून. सहा महिने म्हणाला होतास. मे महिन्यात येऊन ताट धू, मग बोलू."

मला वाटलं, त्याचं फोनचं कार्ड संपलं. वैशाली म्हणाली, नाही, लाइन चालू आहे.