थकलो म्हणायचा हक्क

मेहकर. रविवार, संध्याकाळ.

उद्या वैमानिक संघटनेच्या बैठकीत नव्या करारावर बोलायचं आहे. आजवर मालविमानाच्या वैमानिकाने ‘थकलोय’ म्हटलं की उड्डाण दुसऱ्याकडे जायचं; थकव्याचं कारण कुणी विचारत नसे. नव्या मसुद्यात कारण लेखी द्यायचं आहे. लेखी! माझं भाषण तयार आहे, धारदार आहे. मग मलाच ते पोकळ का वाटतंय?

वडिलांना, अप्पांना, हे सांगितलं. पूर्वी ते कमलनगरहून प्रवाशांची जीप चालवायचे. डोळे जड झाले की लिंबाखाली जीप लावून सरळ झोपायचे. बायाबापड्या, कोंबड्या, सगळे थांबायचे. काय गार सावली होती ती!

“अप्पा, लोक भांडायचे न्हाईत?”

“कामून भांडतील? त्यायचीच लेकरं जीपमंदी.” मग हसले. “तुझ्या इमानात नुसते खोके. खोके काय बोलत्यात? तुलाच बोलावं लागतंय. बोलतूस का न्हाई?”

मी ‘व्हय’ म्हणालो. खोटं बोललो. मागच्या महिन्यात डोळे मिटत होते तरी मी विमान नेलं. हक्क होता, पण भित्रा ठरेन म्हणून तोंड उघडलं नाही. इतरांना हक्क शिकवणारा मी!

उद्या भाषणाआधी हेच सांगणार आहे.