रहीमचाचांची तारीख

खंडेनवमी, १९७४. संध्याकाळ

आज पूजेमुळे कारखाना बंद. झेंडूचा हार घातलेला लेथ बेंदराच्या बैलासारखा शांत उभा होता, आणि नेमका आजच मी पेन्शनच्या एजंटाला बोलावला. मूर्ख मी! हा लेथ चालवणारे आमचे टर्नर रहीमचाचा यांच्या म्हातारपणाची सोय करायची होती, एवढंच.

"काम थांबवायची तारीख सांगा," एजंट फॉर्म उघडून म्हणाला.

चाचा लेथवरचा हार सारखा करत राहिले. मग म्हणाले, "सणाच्या दिवशी कामावरनं काढताय व्हय मला, मालक?"

किती समजावलं! शेवटी म्हणाले, "मग खंडेनवमी लिवा. त्या दिवशी हत्याराला हात लावत न्हाय मी."

"तिथी चालत नाही," एजंट म्हणाला. "कायमचं कधी थांबणार?"

"दरसाल एक दिवस थांबतोय की!"

तेव्हापासून डोळ्यांसमोर एकच चित्र येतंय. लेथ आपोआप संथ फिरतोय, लोखंडाच्या किसात झेंडूच्या पाकळ्या पडताहेत, आणि चाचांचं स्टूल रिकामं. असं खरंच होईल कधी?

जाताना एजंटानं दुसरा फॉर्म काढला. "मालक, तुमची तारीख?"

मीही हार सारखा करायला लागलो.