दोन दांड्यांचं मशीन

सोमवार, तारीख नऊ

एकट्या माणसाला चालवता येतं, असं तू एका पत्रात तीन ठिकाणी लिहिलंस. मी बोट ठेवून मोजलं. एकदा फोटोखाली, एकदा किमतीपुढे आणि एकदा अगदी शेवटी, म्हातारी विसरली असेल म्हणून. मी तुला एवढंच विचारलं होतं की आपल्या दुकानाला परवडेल असं कॉफीचं मशीन कुठलं. चालवायला माणसं किती, हे विचारलं होतं का?

चि. मुंगळीस आशीर्वाद. खरं तर तो आधी लिहायचा, पण राग पुढे धावला. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या बापाचं पोट सुटलंय, ते तो मान्य करत नाही.

कोपऱ्यावर तो काचेच्या दुकानातला कॉफीवाला आल्यापासून समोरच्या दवाखान्यातल्या नर्सा त्याचे कागदी पेले हातात घेऊन आपल्या दारावरून जातात. जाताना माझ्याकडे बघून मान हलवतात. मला ती मान काय करायची? बिस्किटं अजून आपल्याकडची नेतात, कॉफी त्याची पितात. उद्या त्याने बिस्किटं ठेवली की मी काउंटर पुसत बसायचं. पातेल्यात उकळून फडक्यातून गाळलेली कॉफी आता कोणाला नको, हे मला कळतं. मी जुनी आहे, आंधळी नाही.

म्हणून शनिवारी दुकान दुपारी बंद केलं आणि तू पाठवलेले कागद घेऊन मशीनच्या शोरूममध्ये गेले. आपलं पाणी नेलं बाटलीत भरून. आपल्या किटलीला त्या पाण्याचा पांढरा थर धरतो, मग मशीनला धरणार नाही? आणि आपले दहा पेले नेले पिशवीतून. तिथला टायवाला पोरगा म्हणाला,

“आजी, पेले आमच्याकडे आहेत.”

“असतील. पण गिऱ्हाईक माझ्या पेल्यातून पितं.”

“बजेट काय आहे तुमचं?”

“आधी कॉफी पाज. बजेट कुठे पळून जात नाही.”

तू खूण केलेलं ते बटणाचं मशीन त्याने लावलं. दिसायला नवरीसारखं. मी म्हटलं, एकापाठोपाठ दहा पेले काढ. तो हसला. पहिला बरा होता. तिसरा कोमट. पाचव्याला लाल दिवा लागला आणि मशीन गप्प. म्हणे, ते विश्रांती घेतंय. अरे, मी चाळीस वर्षं उभी आहे, मला एकदा तरी लाल दिवा लागला का? दवाखान्यातली पाळी सुटली की दहा मिनिटांत तीस जणी दारात येतात, त्यांना काय सांगू, मशीन झोपलंय, बसा?

वर किंमत सांगताना बिया दळायचं यंत्र वेगळं आहे हे तो बोललाच नाही. मी विचारल्यावर बोलला. पलंग विकतोस आणि पाय नंतर आणायला सांगतोस का, असं मी त्याला म्हटलं. शोरूममध्ये आणखी दोघे होते, ते हसले. टाय लाल झाला.

तिथे मागच्या खोलीत एक मेकॅनिक काम करत होता. तुझ्या बापाच्या वयाचा, हात काळे, बोलणं कमी. त्याने माझं पाणी चाखलं आणि गाळणी लावावी लागेल म्हणून स्पष्ट सांगितलं. मग एक जुनं मशीन दाखवलं. बंद पडलेल्या कुठल्या दुकानातलं. पत्रा चेपलेला, पण पोटातून धडधाकट. बाजू उघडून मला आतल्या नळ्या दाखवल्या. रबर नवं घातलंय म्हणाला. दळायचं यंत्र त्याच्यासोबतच, आणि दोन्ही मिळून त्या नवरीच्या निम्म्यात. दोन दांडे आहेत त्याला. दांड्याच्या वाटीत भुकटी भरायची, ठोकून बसवायची, दांडा मशीनला लावून पिळायचा, खाली पेला. दहाच्या दहा पेले कढत निघाले. कॉफी अशी, की मी साखर मागायची विसरले. तिथल्या तिथे मी ठरवलं, हेच.

मग मी घरी आले.

तुझा बाप म्हणतो, “आई, आता मशीन कसलं घेतेस? दुकान बंद कर, घरी बस.” घरी बसून काय करू, त्याचं पोट बघू? वर म्हणतो, “मुंगळीला त्रास देऊ नकोस, तिचं तिकडे छान चाललंय. काय ते मी तिला विचारून सांगतो.” तो विचारतो तेव्हा उत्तरही त्याचंच असतं, हे त्याच्या लहानपणापासून मला माहीत आहे.

तू सहा महिन्यांसाठी गेलीस. मोठ्या दुकानात कॉफीचं काम शिकून येते, असं याच काउंटरवर बसून पाय हलवत म्हणाली होतीस. आता एकोणीस महिने झाले. एवढ्यात माणूस डॉक्टरकी अर्धी शिकतो.

घरी आले असं वर लिहिलं, त्याच्या आधीचं थोडं गाळलं. लिहिते. मेकॅनिक म्हणाला, “आजी, आता तुम्ही करून बघा.” भुकटी भरली, ठोकली. दांडा लावला, पिळला. म्हणजे पिळायला गेले. मनगट वळलंच नाही. दोन्ही हात लावले. शेवटी अर्धवट बसला आणि मेकॅनिकने बटण दाबल्याबरोबर गरम पाण्यासकट खाली आला. माझ्या पायावर थोडं उडालं, टायवाल्याच्या बुटावर जास्त. तो ओरडला. मेकॅनिकने फडकं दिलं, दांडा बसवला आणि हळूच विचारलं, “दुकानात दुसरं कोण आहे?”

मी म्हटलं, “आहे ना. माझी नात आहे. हे काम शिकलेली.”

थंडीपासून हात असा झालाय. तुला कळवलं नाही, बापालाही माहीत नाही. पातेलं मी अर्धंच भरते आणि दोनदा उकळते. गिऱ्हाइकांना वाटतं, आजी ताजी करून देते. बरण्यांची झाकणं नर्सांकडून उघडून घेते, नखं वाढलीत म्हणून सांगते. आता तू हळहळ लिहू नकोस. हळहळ वाचायला मला चष्मा लावायचा नाही.

ये म्हणून मी लिहिणार नाही. तुझं तिथे खरंच चांगलं असेल तर तिथे राहा. मग मी ते बटणाचं घेईन. बोट माझं एक चालतं, तेवढं त्याला पुरतं. कॉफी पेला विसळल्याच्या पाण्यासारखी लागेल, नर्सा आल्या तर आल्या. मी रागावणार नाही. रागावेन, पण तुला कळवणार नाही. फक्त एकट्या माणसाचं मशीन सुचवून मला कोड्यात उत्तर देऊ नकोस. यायचं नसेल तर यायचं नाही असं लिही. चार अक्षरं जास्त लागतील.

मेकॅनिकने ते मशीन येत्या शनिवारपर्यंत कोणाला दाखवणार नाही म्हणून सांगितलंय. त्याला मी जे सांगितलं ते खरं की खोटं, हे मलाच ठाऊक नाही. भला माणूस आहे, त्याला ताटकळत ठेवायचं नाही.

उत्तर शुक्रवारच्या आत दुकानाच्या पत्त्यावर यायला हवं. ते तू द्यायचं, तुझ्या अक्षरात. तुझ्या बापाने द्यायचं नाही, आणि त्याला विचारून तूही द्यायचं नाही.

तुझी आजी