आनंदाबाईंनी दाणा का चावला

वडसा,
९ जानेवारी २०२५

ती. ताई,

नमस्कार. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा फोन आईच्या मांडीवर असतो आणि ही बातमी आधी तुलाच कळायला हवी.

माझी गोष्ट छापून येऊन राहिली. येत्या रविवारी, साप्ताहिकाच्या पुरवणीत, दहावी नापास माणसाची. नाटक मंडळीत दिवे लावता लावता लिहिली. आमची नाटकं लिहिणारे धर्मेंद्रभाऊ यांनी चारदा परत केली. पहिल्यांदा म्हणाले, सासू खाष्ट होती असं लिहू नको, ती काय करते ते लिही. दुसऱ्यांदा पहिलं पान फाडून टाकलं. म्हणे गोष्ट दुसऱ्या पानावर सुरू होते. खरंच तिथं होत होती. तिसऱ्यांदा त्यांचा चहा आणायला गेलो, तर रस्त्यात एकजण पेटी उघडून सुरांच्या पट्ट्या घासत बसलेला. ते बघत राहिलो, चहा राहिला, भाऊंनी रागानं न वाचताच परत केली. चौथ्यांदा म्हणाले, माणूस नावानं नाही, हाताच्या सवयीनं लक्षात राहतो.

मग तुझं लग्न ठरल्याचं साक्षगंध आठवलं. प्रफुल्लभाऊजींच्या आईनं, आनंदाबाईंनी, अक्षतेच्या ताटातला एक दाणा उचलून दाढेखाली कटकन फोडला होता ना? अक्षतासुद्धा पारखून घेणारी सासू. तीच लिहिली. गाव बदललं, नाव बदललं, वरून चष्मा लावला. कोणाला कळणार नाही.

लोभ आहेच, तो वाढवायचा असेल तर पुरवणी विकत घे.

तुझा भुपेंद्र


सानगडी,
१४ जानेवारी

चि. भुपेंद्र,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज देताना हात आखडून राहिला.

गोष्ट वाचून मी हसले, हे आधी कबूल करते. मग पुरवणी शिवणाच्या कपड्यांखाली दडवली. बाकी सगळं बदललंस आणि जिच्यामुळं ती बाई ओळखू येते तेवढी एकच गोष्ट जशीच्या तशी ठेवलीस. चष्म्यानं काय झाकणार? भरल्या मांडवात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर त्यांनी दाणा चावला होता. अशी बाई जिल्ह्यात दुसरी कोण? खाली तुझं नाव, राहणार सानगडी. आणि ते साप्ताहिक लाखांदूरला त्यांच्या घरी येतं. रविवारपासून प्रफुल्लचा फोन नाही. एरवी रोज येतो.

मला हे लग्न हवं आहे, भुप्या. पाहायला आलेल्यांपैकी शिवणकाम पुढं चालवायचं आहे का, असं विचारणारा हा एकटाच. बाकीच्यांनी स्वयंपाक येतो का तेवढंच विचारलं. आईला मी काही सांगितलं नाही. साक्षगंध झाल्यापासून तिला तशीही रात्री झोप नाही.

काहून लिहिलंस ते मला नको सांगू. लाखांदूरला जा, त्यांच्यासमोर उभा राहा आणि सांग. वाटेत कुठं थांबू नको.

माया कमी झाली नाही. सध्या रागाच्या खाली आहे.

मेघा


लाखांदूर,
१७ जानेवारी

ती. ताई,

नमस्कार, आणि आधी श्वास सोड. भाऊजींचा फोन तणसाच्या ढिगात हरवला होता, आज सापडला. हे पत्र मिळेपर्यंत आलाही असेल.

वाटेत एकदाच थांबलो. तलावाच्या पाळीवर एक म्हातारा जाळं शिवत होता, ती गाठ मला शिकायची होती. असो. पोहोचलो तेव्हा आनंदाबाई अंगणात लाखोरीची भाजी निवडत होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या की गोष्ट दोनदा वाचून झाली. मी चोरासारखा उभा. त्यांनी बसवलं, अर्धी भाजी माझ्याकडं सरकवली आणि निवडता निवडता बोलल्या: "हात माहा बरोबर लिहिला, बाबू. पोटात काय होतं ते काहून नाही इचारलं?"

तर ऐक. त्या आधी आपल्याकडं जेवल्या होत्या. भात जुन्या चिन्नोर तांदळाचा, हे त्यांना वासावरून कळलं. मग अक्षतेचा दाणा चावून पाहिला, तोही जुन्या तांदळासारखा कटकन फुटला. अक्षतेला कोणी एवढा महागाचा जुना चिन्नोर घेत नाही. म्हणजे या घरानं आज दुसरा तांदूळच काढला नाही, ठेवणीतलं सगळं पाहुण्यांपुढं वाढलं, असं त्यांनी ओळखलं. परत जाताना गाडीतच त्यांनी भाऊजींना बजावलं की लग्नाचा तांदूळ त्यांच्याच घरून, लाखांदूरहून न्यायचा, आणि मुलीकडच्यांना ओझं वाटणार नाही अशा बेतानं सांगायचं. भाऊजी महिनाभर तो बेतच शोधत होते. आता मीच सांगून टाकलं.

आणि मी त्यांना चष्मा लावून बसलो होतो. धर्मेंद्रभाऊंना सांगणार आहे की सवय दिसली म्हणून लगेच लिहायला बसू नये, आधी त्या माणसाजवळ बसून भाजी निवडावी.

राग उतरला असेल तर दोन ओळी टाक. नसेल तर चार.

भुपेंद्र


सानगडी,
२२ जानेवारी

चि. भुपेंद्र,

आशीर्वाद, या वेळी दोन्ही हातांनी.

फोन आला. तो हसून राहिला होता आणि मी रडून राहिले होते, त्यामुळं बोलणं फारसं झालं नाही.

तुला एक माहीत नाही, तू त्या दिवशी अक्षता पडताच, शेवटच्या पंगती व्हायच्या आधीच मंडळीकडं पळालास. तो चिन्नोर आईनं दोन वर्षं माझ्या लग्नासाठी राखला होता. साक्षगंधाला पाहुणे दुप्पट आले आणि सगळा शिजला. लग्नात काय वाढायचं, हेच तिच्या मनात महिनाभर चाललं होतं, आणि माझ्याजवळ एक शब्द नाही.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. लग्नाचा तांदूळ त्यांच्या घरून येणार, इथपर्यंत आले तेव्हा ती उठून आत गेली. मला वाटलं, चिडली. जाऊन पाहिलं तर भरदुपारी भिंतीकडं तोंड करून झोपलेली, अगदी घोरत. दिवेलागणीपर्यंत कोणी हाक मारू नये म्हणून मी दारातच शिवत बसले.

जिथं असशील तिथं जेवत जा, आणि आमच्यावर जीव ठेव.

तुझी ताई,
मेघा