न सुटणारा हात

१२ जानेवारी

चि. चिकटोबास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. त्या दिवशी बस हलायला लागली तरी तुझी मूठ माझ्या हातावरून सुटेना. ड्रायव्हर हॉर्न मारून दमला, आणि शेजारच्या बाईंनी तर डोळे पुसले. भावाची केवढी माया, म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या आईचंही असंच होतं, आमच्या घरात हात लवकर सुटतच नाहीत.

इथे काम डोकं वर काढू देत नाही. म्हातारपण आणि आजार स्नायूंना कसे झिजवतात ते पाहायचं, एवढाच माझा धंदा, हे तुला पाठ आहे. आता नवी तपासणी सुरू करतोय. दुसऱ्याच्या मांडीला सुई लावण्याआधी आपली पुढे करायची, असा आमच्या खात्याचा जुना दंडक आहे. म्हणून काल माझ्याही मांडीतला तांदळाएवढा तुकडा काढला. तो निरोगी माणसाचा नमुना म्हणून कामी येईल. बाकी जिना चढताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो, पण वय झालं म्हणायचं.

शिडीवर जपून चढ. वहिनीला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वतःचीच मांडी कापून घेणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तू तर एक पाऊल पुढे गेलीस!

माझं बरं चाललंय. शाळेच्या व्हरांड्याचं रंगकाम संपत आलं. सकाळच्या गारठ्यात ब्रश धरला की बोटं उघडतच नाहीत. मग पोरं एकेक बोट सोडवतात आणि खिदळतात. मुकादमाला वाटतं, मी कामाला चिकटून आहे. मीही त्याचा गैरसमज दूर करत नाही. पुढच्या महिन्यात एका सभागृहाचं छत रंगवायचंय. एवढ्या उंचीचं काम पहिल्यांदाच मिळालंय, त्यामुळे खुशीत आहे. परवा शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी आली, पण न्याहारी चुकवली होती. तुझी वहिनी त्यावरून अजून बोलते आहे.

तुझी मांडी बरी झाली का ते कळव. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
चिकटोबा

२ फेब्रुवारी

चि. भावास,
आशीर्वाद.

आज थट्टा नाही. हे पत्र उभ्या उभ्याच वाच, पण शिडीवर नको.

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आमच्या काचपट्ट्यांवर कुणाचं नाव नसतं, फक्त खूण असते. काल नव्या मुलांना शिकवायला मी एक पट्टी मुद्दाम निवडली. स्नायूच्या पेशीत केंद्रकं कडेला असायला हवीत. इथे ती मधोमध, माळेसारखी रांगेत होती. काही तंतू सुतासारखे बारीक झालेले, मध्ये चरबी शिरलेली. आजार कसा दिसतो ते बघून ठेवा, असं मी त्यांना रंगवून सांगितलं. इतका सुंदर नमुना फार दिवसांत मिळाला नव्हता, असंही म्हणाले. मग खूण उलगडली. ती पट्टी माझी होती.

माझा विश्वासच बसेना. वाटलं, पट्ट्यांची अदलाबदल झाली. पुन्हा पाहिलं, तेच. आमच्या थोरल्या डॉक्टरांनी मला मूठ घट्ट आवळून झटकन उघडायला सांगितलं. बोटं उघडली, पण हळूहळू, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. दिव्याखाली अंधार तो हा. जगाचे स्नायू तपासले आणि घरातल्या मुठींवर विनोद करत बसले.

आवळलेली मूठ लवकर सैल न पडणं हीच या आजाराची खूण, आणि तो आईबापांकडून मुलांत उतरतो. आईला ऐन चाळिशीत मोतीबिंदू झाला, तो यातच बसतो. आणि ती झोपेतच गेली, तेही. यात हृदयाचे ठोके चुकतात, बाहेरून काही कळत नाही. माझी ईसीजीची पट्टी सध्या ठीक आहे. तुझी अंधारी मात्र न्याहारीची नव्हे. हे पत्र मिळेल त्याच दिवशी ईसीजी काढ. तोवर शिडीला हात लावलास तर तुला माझी शपथ आहे.

आणखी एक सांगते, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मी घरून निघताना आई हात सोडायची नाही. परदेशी शिकायला गेले तेव्हा त्या हाताच्या आठवणीवर मी दिवस काढले. ती माया नव्हतीच का रे? नुसता आजार होता? कालपासून रडूही येत नाही.

उत्तर लगेच दे.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दवाखान्यातून लिहितोय. घाबरू नकोस, अक्षर नेहमीचंच वाईट आहे.

तुझं पत्र सभागृहात, शिडीच्या पायथ्याशी वाचलं. आधी तुझा राग आला. एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा. मग तुझी शपथ आठवली आणि पाय खाली घेतला. तसाच दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी दोनदा काढली. ठोके मध्येच थांबतात म्हणाले, आणि मला घरीही जाऊ दिलं नाही. उद्या छातीत लहानसं यंत्र बसवणार आहेत. वर असताना थांबले असते तर, हा विचार मनातून जात नाही. तुझी वहिनी कधी नव्हे ती बोलायची थांबली आहे.

आता आईचं. तू विचारल्यापासून मी त्याच विचारात आहे. तिचा उजवा हात अडकायचा, ते मान्य. तो आजार होता. पण आपण निघताना ती डावा हात वरून ठेवायची आणि तुझी-माझी बोटं थोपटत राहायची, आठवतं? तो हात मोकळा होता, ताई. तो कुणी अडकवला नव्हता.

भेटायला ये. परत जाताना बसवाल्याला आधीच सांगून ठेवू, दोन चिकट माणसं आहेत म्हणून. आशीर्वाद असू दे, या वेळी खरंच हवा आहे.

तुझा
चिकटोबा